निकाल १०० वरून ७८ वर आला, खुलाशात काय लिहू?

खडूधूळ

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसता वाचत बसतो, आज अडलंय म्हणून लिहितोय. थोडं लांबेल.

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात एका छोट्या अनुदानित माध्यमिक शाळेत मी गणित-विज्ञान शिकवतो. आठवी ते दहावी, प्रत्येकी एकच तुकडी, सगळा पट ७४. मुख्याध्यापक धरून शिक्षक आम्ही चार. इंग्रजीच्या मॅडम दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या, ती जागा भरली गेली नाही. आता इतिहासाचे सर इंग्रजी घेतात आणि खेळाचा तास माझ्याकडं आहे. म्हणजे पोरं खेळतात, मी पायरीवर बसून वह्या तपासतो.

मार्च २०२४ ला आमच्याकडून दहावीला १९ बसले, १९ पास. शंभर टक्के. तालुक्याला बोलावून मुख्याध्यापकांना शाल-श्रीफळ दिलं, फोटो चार-पाच ग्रुपवर फिरला. यंदा, म्हणजे २०२५ ला, २३ बसले आणि १८ पास. ७८.२६. राज्याचा निकाल ९४.१० आणि आमचा हा. लगेच शिक्षण कार्यालयाचं पत्र आलं: निकाल २१.७४ टक्क्यांनी घटण्याची कारणे आणि सुधारणा आराखडा विषयशिक्षकनिहाय सात दिवसांत सादर करावा. नापास पाचांपैकी चार गणितात गेलेत. तेव्हा विषयशिक्षक म्हणजे मीच.

मुख्याध्यापक म्हणतात, "सर, नेहमीचं लिहून टाका. अनियमित उपस्थिती, पालकांची उदासीनता, जादा तास घेण्यात येतील." पाच मिनिटांचं काम आहे. पण "पालकांची उदासीनता" हे दोन शब्द हातून उतरेनात. या पाचांपैकी चौघांचे आईबाप दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर गेले ते पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, एप्रिलात आले. त्यातला एक बाप फडातून मला फोन करून विचारायचा, "सर, लेकरू येतंय का शाळेत?" आणि मी म्हणायचो, येतंय.

येत नव्हतं. पुढं जानेवारीत तर पोरगाही त्यांच्याकडंच गेला, अन् बापाला सांगायचा की सुट्टी आहे. ते नंतर कळलं.

पत्रासोबत तक्ता आलाय. त्यात रकाने आहेत मुलगे, मुली, प्रवर्ग, दिव्यांग. तो भरला: मुलगे १४, मुली ९. वंजारी ११, मराठा ५, धनगर ३, तांड्यावरचे बंजारा २, मातंग २. तक्ता भरून झाला, पण त्यातून काहीच कळत नाही. नापास झालेले पाच या रकान्यांत कसेही टाका, विस्कटलेलेच दिसतात. एकच रकाना असता तर सगळं दिसलं असतं: घरात कोयता आहे का. २३ पैकी १४ घरांत आहे. तो रकाना तक्त्यात नाही.

दुसरी अडचण हजेरीची. बोर्डाला ७५ टक्के हजेरी लागते, त्यामुळं आमच्या हजेरीपटावर पोरगा हजर असतो. खरी हजेरी मी माझ्या डायरीत ठेवतो, निळ्या पेनानं, कुणाला न दाखवता. त्यात या पाचांपैकी एकाचे नोव्हेंबर ते फेब्रुवारी मिळून ११ दिवस आहेत. आता खुलाशात "अनियमित उपस्थिती" लिहिलं तर ते विचारणार, मग हजेरीपट काय सांगतो? अन् पटाची तारीख तुम्हाला माहीतच आहे, ३० सप्टेंबर. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते, त्याच दिवसाच्या पटावर. आमचे लोक निघतात दसरा-दिवाळीच्या आसपास. म्हणजे वर्षातला जो दिवस मोजायला धरलाय, त्या दिवशी आमचे सगळे बाक भरलेले असतात.

तर प्रश्न असा: एवढ्याशा शाळेच्या निकालाचं विश्लेषण कसं मांडायचं, की ते खोटंही होणार नाही आणि आमच्याच गळ्यातही येणार नाही? कुणी केलंय का?

आकडेमोड

सर, मी शिक्षक नाही, आकड्यांवर पोट भरतो. दोन गोष्टी सांगतो.

पहिली. २३ जणांत एक मूल म्हणजे ४.३५ टक्के. एकाला परीक्षेच्या दिवशी ताप आला की तुमची शाळा चार टक्क्यांनी "घसरली". ४०० मुलांच्या शाळेत तोच ताप पाव टक्का होतो. छोट्या शाळांचे निकाल वर्षावर्षाला उड्या मारणारच, म्हणून पहिल्या दहांत आणि शेवटच्या दहांत, दोन्हीकडं छोट्याच शाळा जास्त सापडतात. निदान तीन वर्षं एकत्र करून दाखवा. २०२३ चा आकडा द्या.

आणि टक्का नुसत्या मुलांमुळं हलतो असंही नाही. राज्याचाच बघा. २०१८ ला ८९.४१, २०१९ ला ७७.१०, २०२० ला ९५.३०. एका वर्षात महाराष्ट्राची पोरं ढ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार झाली का? २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेकडचे २० गुण काढले होते, पुढच्या वर्षी परत दिले. २०२१ ला तर परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला ९९.९५.

दुसरी, आणि मला जास्त महत्त्वाची वाटते ती. तुम्ही सांगताय १९ पैकी १९ आणि २३ पैकी १८. अंश कळला. छेद कुठून आला? हीच पोरं आठवीत आली तेव्हा किती होती? जनरल रजिस्टर काढा आणि दोन्ही बॅच आठवीपासून मोजा. मला शंका आहे, पण आधी बोलत नाही.

खरं_बोलू_का

एवढं विश्लेषण कशाला? यंदा कॉपी बंद झाली, निकाल पडला. मराठवाड्यातल्या अर्ध्या केंद्रांची हीच कहाणी. गेल्या वर्षीचे १९ पैकी १९ कसे झाले ते पण लिहा की खुलाशात.

खडूधूळ

@खरं_बोलू_का, टोमणा पोचला, आणि पूर्ण खोटा नाही. यंदा आमच्या केंद्रावर बाहेरच्या शाळांचे पर्यवेक्षक होते. गेल्या वर्षी भिंतीपलीकडून कुणी काही टाकलं नसेल असं मी शपथेवर सांगणार नाही. पण गणिताचं गणित तुम्हाला सांगतो. शंभरात ३५ हवेत. अंतर्गत २० पैकी १८ आम्ही देतो. सगळ्याच शाळा देतात, कुणी सोवळ्याचा आव आणू नये. मग लेखी ८० पैकी १७ पुरतात. ज्या पोराचे ११ दिवस सांगितले त्याला १३ मिळाले. ३१ वर गेला.

हाच पोरगा एप्रिलात शाळेत आला तेव्हा मी सहज विचारलं, यंदा कशी झाली तोडणी? म्हणाला, टनाला ३६६, एका दिवसाची सगळ्यात मोठी खेप दोन टन चारशे, म्हणजे ८७८ रुपये ४० पैसे, पण उचल (मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम) अजून फिटायची आहे. हे पायात चप्पल घालता घालता. मी मागून मोबाईलवर गुणाकार करून पाहिला. बरोबर. आणि भाग १ च्या पेपरात यानंच अंकगणिती श्रेढीचा प्रश्न कोरा सोडून दिला होता. त्याला विचारलं तर म्हणे, "सर, तो धडा झाला तवा मी कोपीवर होतो." कोपी म्हणजे तोडणीवरची झोपडी. धडा ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाला. त्याच्याशिवाय झाला, हे खरं.

@आकडेमोड, २०२३ ला २४ पैकी २१. रजिस्टर उद्या काढतो. शिपाई मामांकडं कपाटाची चावी आहे.

लाल_मातीतला_मास्तर

खडूधूळ सर, मी रत्नागिरी जिल्ह्यातला, दोन वर्षांपूर्वी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. आमच्या शाळेचा दहावीचा निकाल सलग सहा वर्षं शंभर टक्के होता. बोर्डाचं कोकण मंडळ तर सुरू झाल्यापासून राज्यात पहिलं, यंदाही ९८.८२. त्यामुळे आम्हां लोकांना व्याख्यानाला बोलावतात, "यशाचं गमक" सांगा म्हणून. मी दोनदा गेलो, तिसऱ्यांदा नाही म्हटलं. कारण मला गमक ठाऊक होतं आणि ते व्यासपीठावरून सांगण्यासारखं नव्हतं.

माझ्या शेवटच्या वर्षी दहावीत मुलं होती ११. अकरा. मी प्रत्येकाच्या घरी चहा प्यायलेला. बाप मुंबईला किंवा बोटीवर, दर महिन्याला पैसे येतात. आई घरात, आजी घरात, संध्याकाळी सातला दिवा लागला की पोर पुस्तक घेऊन बसलंय की नाही हे बघायला दोन बायका. घरातली माणसं पांगलेली आमच्याकडेही आहेत, पण बाप जातो आणि पोर राहते. तुमच्याकडे आईबाप दोघे जातात, कारण कोयता जोडप्याचा असतो. एवढाच फरक. आमच्या मंडळात मुलं सगळ्यात कमी, जिल्हे दोनच. मग आम्ही पहिले येणार नाही तर काय!

आता आमचं दुखणं वेगळं. पट. मी रुजू झालो तेव्हा दहावीत ५२ होते. वाड्या रिकाम्या झाल्या, दारांना कुलपं, गणपतीला उघडतात. १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा शासन निर्णय आल्यावर आमच्याकडच्या कितीतरी शाळांत शिक्षकच शून्य होतील म्हणून बोंब झाली, तुम्ही वाचली असेल. निकाल शंभर टक्के आणि शाळा बंद व्हायच्या वाटेवर, हे एकाच वेळी चालू असतं.

आणि एक गंमत. त्या अकरांतली तीन मुलं नेपाळ्यांची. आंब्याच्या बागांत राखणीला कुटुंबं येतात, राहतात. एक मुलगी पाचवीत आली तेव्हा तिला मराठी अक्षर येत नव्हतं. दहावीला मराठीत ८१. तिचं नाव पटावर नसतं तर आमची आठवीची तुकडी टिकली नसती. "परप्रांतीय, परदेशी" म्हणून कपाळाला आठ्या घालणारे आमचे संस्थाचालक जूनमध्ये बागाबागांतून फिरून तीच पोरं गोळा करत होते.

तुमच्या खुलाशाबद्दल: भांडणाचा सूर नको, रडगाणंही नको. पानभर तक्ता, खाली चार ओळी. कार्यालयात पाचवी ओळ कोणी वाचत नाही. मी तीस वर्षं खुलासे लिहिलेत.

प्रवरेकाठचा

मी दुसऱ्या टोकाला आहे. तुमची माणसं ज्या कारखान्यांवर येतात, तिथल्या एका हायस्कूलमध्ये शिकवतो. नोव्हेंबरात आमच्या शाळेच्या मागच्या माळावर कोप्या पडतात. सकाळी राष्ट्रगीत चालू असतं तेव्हा चौदा-पंधराची पोरं बैलांना वाढं टाकत कंपाउंडच्या पलीकडून बघत असतात. आठवीपर्यंतच्या मुलांना शिक्षण हमी पत्रकावर, म्हणजे स्थलांतरित मुलांसाठी असलेल्या पत्रावर, आम्ही बसवून घेतो. ती येतात, खिचडी खातात, काही टिकतात. नववी-दहावीचं पोर मात्र आमच्याकडं आलं तरी करायचं काय हे कुणी सांगत नाही. फॉर्म तुमच्या शाळेतून, केंद्र तुमचं, अंतर्गत गुण तुमचे. आणि खिचडीही आठवीपर्यंतच.

गेल्या हंगामात एक दहावीचा मुलगा माझ्या वर्गात मागच्या बाकावर महिनाभर बसला. पटावर नाही, काही नाही. मुख्याध्यापकांनी दुर्लक्ष केलं, हीच त्यांची मदत. सर, तुमची पोरं कुठल्या कारखान्याला जातात त्याची यादी सप्टेंबरात केली तर निदान फोन तरी करता येईल. माझ्यासारखे दोन-चार इकडं सापडतील.

कोयत्याची_लेक

सर, मी तुमच्याच भागातली. आता पुण्यात एका दवाखान्यात नर्स आहे. माझी दहावी २०१४ ची. तुम्ही "घरात कोयता आहे का" हा रकाना म्हणालात, त्याला जोडून अजून एक घाला: दिवाळीपासून होळीपर्यंत हे लेकरू कुणाच्या घरी झोपतं.

मी आजीजवळ होते. आजीला डोळ्यानं कमी दिसायचं. पाठीवर दोन भाऊ, सहावीला अन् तिसरीला. पहाटे उठून पाणी, मग भाकरी, मग भावांचं आवरणं, मग फाट्यापर्यंत चालत. मानव विकास योजनेची निळी बस चुकली की शाळा चुकली. भावांना हंगामी वसतिगृहात जेवण मिळायचं, आमच्याकडची ती वसतिगृहं आठवीपर्यंतची. मी दहावीला, माझं नाव यादीत बसत नव्हतं. तिथं स्वयंपाकाला एक मावशी होत्या. त्या संध्याकाळी भावाच्या डब्यात खाली भाजी भरायच्या अन् वर भाकरी ठेवायच्या, म्हणजे कुणी बघितलं तर लेकराचा डबा दिसावा. ती भाजी माझी अन् आजीची. त्या वर्षी मी पास झाले त्यात त्या भाजीचा वाटा आहे, तो कुठल्या तक्त्यात लिहिणार?

फेब्रुवारीत चुलत्यानं पाहुणे आणले. मला बघायला. माय-अण्णा बेळगावकडं फडात. माय फोनवर एवढंच बोलली, "पेपर होऊ द्या, मग बघू." तेवढ्यानं ऐकलं नसतं कुणी. आमचे वर्गशिक्षक त्या दिवशी अचानक आले अन् ओट्यावर बसले. लग्नाचा विषय त्यांनी काढलाच नाही. पाऊस, कापसाचा भाव, कुणाची बोअर आटली, हेच बोलत बसले. उठेचनात. पाहुण्यांना एसटी गाठायची होती, ते गेले. सरांनी चहा संपवला अन् मला म्हणाले, "उद्या भूमितीची वही आण." बस.

आमच्या वर्गातल्या सात मुलींपैकी परीक्षेला आम्ही चार होतो. दवाखान्यात काम करते म्हणून हे आकडे माझ्या डोळ्याखालून जातात: सरकारच्याच २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या बायांमध्ये ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्यात २१.९. अन् दरवर्षी निकालाला पेपरात मथळा असतो, मुलींचीच बाजी. यंदाही मुली ९६.१४, मुलगे ९२.३१. बाजी खरी आहे सर. पण ती परीक्षेपर्यंत पोचलेल्या मुलींची. न पोचलेल्या टक्केवारीत धरतच नाहीत, त्यामुळं त्या नापासही होत नाहीत.

तुमच्या नापास पाचांत मुलगी किती? अन् आठवीतल्या किती मुली दहावीला दिसल्या?

खडूधूळ

ताई, पाचांत एक मुलगी. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला दोन दिवस लागले.

शनिवारी शाळा सुटल्यावर शिपाई मामांना बसवून जनरल रजिस्टर काढलं. आमचं रजिस्टर कापडी बांधणीचं, वाळवीनं खालचा कोपरा खाल्लेला, दाखला क्रमांक लाल शाईत. मामा नाव वाचणार अन् त्याचं पुढं काय झालं ते सांगणार, मी लिहिणार. रजिस्टरात फक्त "शाळा सोडल्याचे कारण" एवढा रकाना असतो आणि त्यात निम्म्या ठिकाणी "पालकांच्या इच्छेने" लिहिलंय. माझ्याच अक्षरात. मामांच्या डोक्यात मात्र सगळं आहे. कुणाची सोयरीक कुठं झाली, कुणाच्या बापानं कुठल्या मुकादमाची उचल घेतली, कुणी पुण्यात कुठल्या सोसायटीत पाणी सोडायला आहे.

तर @आकडेमोड, तुमची शंका खरी निघाली.

गेल्या वर्षीची शाल-श्रीफळवाली बॅच. आठवीत होती जून २०२१ ला, म्हणजे कोरोनात, शाळेची घंटा न वाजताच ती पोरं आठवीत आली. संख्या ३३. त्यातले ४ दुसऱ्या शाळेत गेले, त्यांच्या दाखल्याची मागणी रीतसर आलेली. राहिले २९. परीक्षेला बसले १९. मधले १० कुठं गेले? लग्न झालेल्या मुली ४. कोयत्यावर किंवा मजुरीला गेलेले मुलगे ३. आणि ३ जण असे, ज्यांना नववीच्या शेवटी "तुझ्यानं होणार नाही, तू बाहेरून १७ नंबरचा फॉर्म भर" असं आम्हीच सांगितलं. तिघांतला एक माझ्या सांगण्यावरून गेला. त्याच्या आईला मी ऑफिसबाहेर उभं करून समजावलं होतं. तिला वाटलं सर भल्याचं सांगतायत. तिनं जाताना माझ्यासाठी आणलेली बोरं टेबलावर ठेवली.

त्या तिघांतल्या एकानंही तो फॉर्म भरला नाही.

यंदाची बॅच: आठवीत २७, दाखला घेऊन गेले २, राहिले २५. परीक्षेला २३. मधले दोन म्हणजे एक मुलगी लग्न होऊन गेली, एक मुलगा कामाला. पास १८.

आता छेद बदलून बघा. गेल्या वर्षी २९ पैकी १९, म्हणजे साडेपासष्ट टक्के. यंदा २५ पैकी १८, बहात्तर टक्के. तीन वर्षांचं नेहमीच्या पद्धतीनं एकत्र केलं तर ६६ पैकी ५८, सत्त्याऐंशीच्या पुढं. कार्यालयाच्या कागदावर आम्ही २१.७४ टक्क्यांनी पडलोय. रजिस्टरात साडेसहा टक्क्यांनी चढलोय. यंदा आम्ही कुणालाही १७ नंबर सांगितला नाही. नवे मुख्याध्यापक गेल्या जूनमध्ये आले, त्यांनी पहिल्याच बैठकीत "जो पटावर तो परीक्षेला" म्हटलं होतं. तेव्हा आम्ही तिघं एकमेकांकडं बघत बसलो होतो. शाल गेल्या वर्षीच्या कामासाठी आणि पांघरली यांनी, हीही एक गंमतच. पत्रही आता यांच्याच नावावर.

आणि ताई, मुलींचं. गेल्या बॅचला आठवीत १५ मुली होत्या. दोघी दाखला घेऊन गेल्या, चौघींची लग्नं, परीक्षेला ९. नऊच्या नऊ पास. तुम्ही म्हणालात तेच.

@लाल_मातीतला_मास्तर सर, तुमचं ऐकून एका पानाचा तक्ता केला. आठवीपासूनच्या दोन्ही बॅच शेजारी शेजारी, शेवटी दोन रकाने माझे: घरात कोयता आणि हंगामात मुक्काम कुणाकडे. ते भरल्यावर नापास पाच एकदम ओळीत आले. चौघं कोयत्याच्या घरचे, आणि त्या चौघांतल्या तिघांबरोबर हंगामात घरात मोठं माणूसच नव्हतं, आजीसुद्धा नाही. पाचवा एसटी चालकाचा मुलगा. त्याचं कारण मोबाईल. ते मी लिहिलं नाही. प्रत्येक गोष्टीला समाजशास्त्र लावायचं नसतं.

@प्रवरेकाठचा सर, यादीचं पक्कं. सप्टेंबरची वाट बघत नाही. जुलैपासून मुकादम उचली वाटायला फिरतात, तेव्हाच कळतं कोण कुठं जाणार. तुम्हाला व्यक्तिगत निरोप टाकलाय.

पुरवणी परीक्षेला चौघांचे फॉर्म भरलेत. ३१ वाला रोज सकाळी सातला येतो, श्रेढी करून घेतोय. पहिल्या दिवशी त्याला उचल आणि हप्त्याचंच उदाहरण घातलं तर म्हणाला, "सर, उचलीला श्रेढी नसते, मुकादम सांगेल तो आकडा असतो." मी पुस्तकातलं उदाहरण घेतलं. मुलीचा फॉर्म मात्र भरता आला नाही. घरी गेलो होतो, कुलूप होतं. शेजारच्यांनी मामाच्या गावाला गेलीय म्हणून सांगितलं.

तक्ता आणि चार ओळी काल मुख्याध्यापकांसमोर ठेवल्या. अर्धा तास वाचत बसले. दोनदा चष्मा पुसला. म्हणाले, "सर, सगळं खरं आहे. सही करतो. पण ही एक ओळ काढू या, ती मी तोंडी सांगेन." आणि गेल्या बॅचच्या तक्त्यातली "शाळेने १७ नंबर फॉर्मचा सल्ला दिलेले: ३" ही ओळ त्यांनी पेन्सिलनं हलकेच खोडली. मी काही बोललो नाही. त्या ओळीत मीही होतो ना.

कागद आज गेला. आता मधल्या दहांची बेरीज सातच येते. कार्यालयात कुणी बेरीज करून बघेल असं वाटत नाही.